गेरूचे पट्टे

त्या माणसाबद्दल कुणी चांगलं बोललं की मला राग येतो, आणि वाईट बोललं की त्याहून जास्त येतो. मी नोकरीतून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तोही बहुधा गेला असेल, तरी हा राग काही निवत नाही. तोंडावर मी त्याला ‘नाकेदारसाहेब’ म्हणायचो आणि पाठीमागे ‘तो’. इथेही ‘तो’च म्हणतो. माणूस गेल्यावर त्याचा मान वाढवायची पद्धत मला आवडत नाही.

नाकेदार म्हणजे आमच्याकडे जंगलाचा राखणदार. अंगात खाकी, हातात काठी, खिशात पावतीपुस्तक. मोताळ्याहून धामणगाव बढ्याकडे जाताना सडकेपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मला मास्तर म्हणून त्या गावच्या शाळेवर पाठवलं होतं. शाळेला लागून दोन खोल्या होत्या. एकीत मी राहायचो, दुसरीत तो. बायको त्यानं आपल्या गावी शेतावर ठेवली होती. इथे त्याच्या दारात फक्त एक गाय असायची. मधली भिंत इतकी पातळ की त्याच्या खोकल्यानं मला जाग यायची.

सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी तो गावातून एक चक्कर मारायचा, धूर हुंगत. कुणाच्या चुलीत काय जळतंय ते त्याला धुरावरून कळायचं, आणि कळलेलं तो पोटात ठेवायचा नाही. दाराशी उभा राहून आतल्या बाईला सांगायचा की तू धावडा जाळतेस, तोही ओला, आणि तो कुठून आणलास ते बोल. बाई आतून शिव्या द्यायची. हा शांतपणे ऐकून घ्यायचा, कुऱ्हाड मागायचा, पावती फाडायचा आणि पुढच्या दाराशी जायचा. दिवस उगवायच्या आत लोकांच्या चुलीत नाक खुपसणारा माणूस कुणाला आवडेल?

गावात तो कुणाकडे चहा घेत नसे. मला आधी वाटलं, जातीपातीचं काही असेल. विचारलं तेव्हा म्हणाला की ज्याच्या घरी चहा प्यालो त्याची कुऱ्हाड मग जप्त करता येत नाही. माझ्याकडे मात्र रोज प्यायचा, कारण माझ्याकडे कुऱ्हाड नव्हती.

एकदा त्याचीच गाय बंदीच्या भागात शिरली. झाडं तोडली की खुंटांना नवे फुटवे येतात. ते माणसाच्या उंचीचे होईपर्यंत तिथे जनावर सोडायचं नाही, तो बंदीचा भाग. यानं स्वतःच्या गाईला दाव्याला धरून भर गावातून कोंडवाड्यात नेलं. कोंडवाड्याचा म्हातारा गांगरला. साहेब, राहू द्या, म्हणाला. यानं त्याला दरडावून गाईचं नाव वहीत घालायला लावलं आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन कोरा चहा प्याला. गाव हसलं. पण त्या दिवसापासून शेळी कोंडवाड्यात गेली तर भांडायला कुणाला तोंड राहिलं नाही, आणि हे लोकांना हसण्यापेक्षा जास्त झोंबलं. सरपंचांची धावड्यानं भरलेली बैलगाडी त्यानं अशीच चावडीसमोर उभी केली होती. सरपंच ते कधी विसरले नाहीत.

सगळ्यात जास्त भांडण मात्र वच्छलाबाईशी. विधवा बाई, शेत नाही, पोटाला चार शेळ्या. महिन्यातून दोनदा तरी तिच्या शेळ्या कोंडवाड्यात असायच्या. ती त्याच्या दारात येऊन त्याच्या सात पिढ्या काढायची आणि तो उंबऱ्यावर बसून काठी तासत राहायचा. मी एकदा संतापून त्याला म्हणालो, अहो, त्या बाईनं जगायचं कसं? दुसऱ्या दिवशी त्यानं तिला बोलावून डोंगराच्या कोणत्या अंगाला कोणत्या महिन्यात शेळ्या घालायच्या ते दाखवलं, आणि पुढच्याच आठवड्यात तिनं ती हद्द ओलांडली तेव्हा पुन्हा शेळ्या कोंडल्या. असा माणूस. आपलं खरं आहे ते तो कुणाला नीट समजावून सांगायचा नाही. लोकांनी ते आपणहून ओळखावं अशी त्याची अपेक्षा होती, आणि माझा पहिला राग त्याच्यावर आहे तो यासाठी.

आता त्या डोंगराबद्दल सांगतो. त्यावर पळस होता, धावडा होता, सालई होती, पण खरा डोंगर होता अंजनाचा. अंजन हे झाड खडकातल्या फटीत उभं राहतं. वाढायला पिढ्या लागतात, लाकूड असं की कुऱ्हाडीची धार उलटते. चैत्रात सगळं रान करपलेलं असताना त्याला तांबूस पालवी येते. तो पाला जनावरं आवडीनं खातात. ज्या वर्षी कडबा संपला त्या वर्षी आमच्या गावची जनावरं अंजनाच्या फांद्यांवर तगायची. हे गावाला ठाऊक होतं, पण इतकं सवयीचं होतं की त्यावर कुणी कधी बोलत नसे.

दर पावसाळ्यात वनमहोत्सव यायचा. तालुक्याची जीप यायची, साहेब लोक फेटे बांधून रोपं लावायचे, मी पोरांकडून गाणं म्हणवून घ्यायचो. नाकेदार त्या दिवशी हजर असायचा, पण एका दगडावर पाठ फिरवून बसायचा. खड्डे दर वर्षी तेच असायचे, आदल्या वर्षीची वाळलेली काडी उपटायची आणि त्यात नवं रोप घालायचं. तो याला झाडांचं बारसं म्हणायचा, आणि संक्रांतीच्या सुमाराला मला हाताला धरून तेच खड्डे दाखवायला न्यायचा, तेरवीला म्हणून. मी चिडायचो. पोरं हौसेनं लावतात, त्यांचा हिरमोड का करता, असं विचारायचो.

“झाड लावाले काई अक्कल लागत नाई, मास्तर,” तो म्हणायचा. “उभ्या झाडाले उभं राहू द्याले लागते.”

मग एका दिवाळीनंतर हुकूम आला. आमच्या डोंगराला कागदावर ‘निकृष्ट जंगल’ ठरवलं होतं. ते सगळं तोडून तिथे साग लावायचा. ठेकेदारही ठरला होता. गावात आनंदीआनंद झाला, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. सागाची लागवड म्हणजे खड्ड्यांची मजुरी, निंदणीची मजुरी. तोडीतल्या फांद्या गावाला फुकट मिळणार होत्या. नाकेदाराची कटकट संपणार होती. साग काही वाईट झाड नाही, घराघरात त्याचे दरवाजे आहेत. आणि माझ्या शाळेला ठेकेदार एका खोलीच्या तुळया देणार होता. माझी पोरं पावसाळ्यात पाटी डोक्यावर धरून बसायची, त्यामुळे मलाही तो हुकूम बरा वाटला.

नाकेदार त्या दिवशी माझ्याकडे आला तेव्हा चहा न घेता उभाच राहिला. पहिल्यांदा मी त्याला घाबरलेलं पाहिलं.

“मास्तर, सागाले ढोर तोंड लावत नाई,” तो म्हणाला. “म्हनून तं साहेबाले तो आवडते. राखाची कटकट नाई. पन कडबा सरला त्या साली हे गाव ढोराईले काय चारन? सागाची पानं?”

त्याला अर्ज लिहून हवा होता. मी लिहिला, चांगला लिहिला. खाली सही करा म्हणाला तेव्हा मी सरकारी नोकर असल्याचं कारण सांगितलं. तोही सरकारी नोकरच होता. त्यानं आपली सही केली आणि तो कागद घेऊन दारोदार गेला, ज्या दारांशी दहा वर्षं धूर हुंगत उभा राहिला होता त्याच दारांशी. लोकांनी त्याला उभं करून हवं ते बोलून घेतलं. कुणी म्हणालं, आधी माझी कुऱ्हाड परत आण. कुणी आतूनच सांगितलं, घरी नाही. मी माझ्या ओट्यावरून हे पाहत होतो आणि मला वाटत होतं, बरं झालं, जिरली याची. हेही लिहून ठेवतो.

अख्ख्या गावात एक अंगठा मिळाला, वच्छलाबाईचा. बायकांनी तिला वेड्यात काढलं तेव्हा विहिरीवर ती जे बोलली ते माझ्या कानांनी ऐकलं आहे.

“मी चोरते तिथून,” ती म्हणाली. “म्हनून तुमच्यापेक्षा मले जास्त ठाऊक हाये तिथं काय हाये ते.”

एका सहीच्या आणि एका अंगठ्याच्या अर्जाला उत्तर कोण देणार? उलट त्यालाच हुकूम आला की तोडीतून जी झाडं राखायची, मोह, आंबा आणि बियाण्यापुरती इतर, त्यांच्या बुंध्याला पट्टा मारावा. पट्ट्याच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हा जंगलखात्याचा सगळीकडचा कायदा. पट्टा डांबराचा मारायचा असतो. त्यानं डांबर मागितलं, ते आलं नाही. मग त्यानं मोताळ्याच्या बाजारातून गेरू आणला, कालवला, आणि एकटा डोंगरावर चढला.

तीन आठवडे तो वर होता. संध्याकाळी खाली यायचा तेव्हा कोपरापर्यंत लाल असायचा. किती राहिलं, म्हणून विचारलं तर सांगायचा नाही. ठेकेदाराचे मजूर आले, त्यांनी वर पाहिलं आणि कुऱ्हाडी खाली ठेवल्या. डोंगरावरच्या प्रत्येक झाडाला पट्टा होता. मोहाला होता, आंब्याला होता, अंजनाला तर झाडून सगळ्या, हाताच्या मुठीत मावेल अशा रोपालासुद्धा. हुकुमात ‘बियाण्यापुरती’ असं लिहिलं होतं, किती ते लिहिलं नव्हतं, हे त्याचं उत्तर. मजूर काही ऐकेनात, पट्ट्याचं झाड तोडून तुरुंगात कोण जाणार? ठेकेदार धावत रेंज ऑफिसला गेला, नाकेदार काम अडवतो एवढंच बोलला, आणि रेंजरनं नाकेदाराला जाब द्यायला मोताळ्याला बोलावून घेतलं.

तो गेला त्या दिवशी सरपंच शाळेत आले. त्यांनी काही आडपडदा ठेवला नाही. सव्वीस जानेवारी जवळ आली होती. म्हणाले, या खेपेला पोरांचं श्रमदान डोंगरावर करा, गोणपाट आणि बादल्या मी देतो, गेरू ओल्या गोणपाटानं निघतो. आणि तुळया कोणत्या हव्यात ते आत्ताच निवडून ठेवा.

मी हो म्हणालो. विचार करायला मला रात्रही लागली नाही. माझ्यासमोर गळणारं छप्पर होतं, आणि मनात त्या माणसाचा राग होता, त्याच्या खोकल्याचा, त्याच्या बरोबर असण्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रांगेनं डोंगर चढलो. गावातली मोठी माणसंही आली. नाल्याचं पाणी बादल्यांतून वर जात होतं आणि पोरं गाणी म्हणत पट्टे पुसत होती. दुपारपर्यंत तीन आठवड्यांचं काम नाल्यातून वाहून गेलं. पाणी खालपर्यंत तांबडं झालं होतं.

रेंजर आले तेव्हा शाळेसमोरच टेबल टाकलं. नाकेदार सांगत होता की पट्टे मारले होते, मोताळ्याला त्यानं तसा अहवालही लिहून दिला होता. रेंजर डोंगराकडे बोट करत होते, आणि ठेकेदार आता पट्टे नव्हतेच म्हणत होता. त्यांनी गावाला विचारलं, गाव गप्प. वच्छलाबाई एकटी म्हणाली की पट्टे होते, तेव्हा सरपंच हसले आणि ही बाई शेळ्यांपायी नाकेदाराच्या बाजूची झाली म्हणाले, ज्या नाकेदारानं तिच्या शेळ्या शंभरदा कोंडल्या त्याच्या. शेवटी रेंजरांनी मला विचारलं, कारण मी शिकलेला. मी म्हणालो, मी दिवसभर शाळेत असतो, डोंगरावरचं मला काही माहीत नाही. माझी पोरं माझ्यामागे ओळीनं बसली होती. नाकेदारानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला की मला आणखी काही सांगायचं नाही.

खोटा अहवाल दिला म्हणून त्याला घरी बसवलं, आणि पुढे कधीतरी बुलडाण्यापुढच्या धाड गावाच्या पलीकडच्या डोंगरात नेमलं असं उडत उडत कळलं. जाताना गाय हाकत माझ्या खिडकीवरून गेला. मी बाहेर आलो नाही.

डोंगर तोडला. तुळया आल्या, खोली झाली. अंजनाच्या तुळया, अजून हललेल्या नाहीत. माझ्या हातून शिकलेली निम्मी पोरं त्या खोलीत शिकली, आणि याचं काय करायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही. सागाची लागवड झाली, पहिल्या पावसात सुपाएवढी पानं आली, साहेब लोकांनी फोटो काढले. दुसऱ्या पावसाळ्यात डोंगराची माती नाल्यात आली. विहिरीला होळीच्या आतच दगड दिसू लागला. लावणारे लावून गेले, बिलं झाली, राखायला कुणी नव्हतं. ज्यांनी हुकूम काढला त्यांची बढती झाली. कागदावर तो साग अजून उभा असेल.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गाव खडी फोडायला गेलं. माणसांना अमेरिकेहून आलेली मिलोची तांबडी ज्वारी मिळाली, जनावरांना काय मिळणार? चैत्र लागला तेव्हा लोक सवयीनं कोयते घेऊन डोंगराकडे निघाले आणि पायथ्यापासून परत आले. वर सागाच्या वाळल्या काड्या होत्या. बाजारात बैल कुणी फुकट घेईना. तेव्हा पारावर बैठक बसली आणि कुणाला तरी आठवलं की नाकेदार धाडकडे आहे आणि त्याच्याकडे अंजन आहे. जनावरं हाकत दोन दिवसांत पोचता येईल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुमचा शेजारी होता, मास्तर, तुम्हीच जा.

बुलडाण्यावरून एसटीनं धाडला उतरलो आणि पुढे चालत गेलो. तो झोपडीबाहेर फांद्यांचे भारे वाटत होता, पाळीनं, एकेका घराचं नाव घेऊन. मला पाहून त्याला आश्चर्य वाटलं असेल तर तसं दिसलं नाही. त्यानं आधी पाणी दिलं, मग भाकर आणि ठेचा वाढला, आणि माझं खाऊन झाल्यावर जनावरं किती उरली ते विचारलं. मी सांगितलं. तो डोंगराकडे बघत राहिला.

“नाई जमत, मास्तर,” तो म्हणाला. “या डोंगरावर तीन गावाईची ढोरं तगून राह्यली. फांद्या मोजून तोडू देतो. तुमची आली तं पंधरा दिवसांत सारं खलास. मंग हेई मरतीन आन तेई मरतीन.”

माझा तोल गेला. तू सूड उगवतोस, असं मी ओरडलो. त्याला आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे केलं. त्यानं शांतपणे विचारलं, सूड कशाचा? तेव्हा माझ्या तोंडून निघालं की पट्टे मी पुसले होते, माझ्या पोरांनी पुसले होते.

“माहीत हाये,” तो म्हणाला. “चौकशीच्या दिवशी पोराईच्या नखात गेरू होता.”

मग तेव्हाच रेंजरला का नाही दाखवलं, मी विचारलं.

“दाखवलं असतं तं रेंजरनं पोराईले विचारलं असतं. तुमच्यासाठी पोरं खोटं बोलले असते. मास्तरापायी पोरानं खोटं बोलावं, हे मले पाह्यवलं नसतं.”

निघताना त्यानं वच्छलाबाईच्या शेळ्यांचं विचारलं. दोन उरल्या आहेत, मी म्हणालो. दोनच शेळ्या, तेवढ्या तरी घ्या. त्याचे ओठ हलले. पण त्यानं मान हलवली ती नाही अशीच.

गावात पोचलो तेव्हा पारावर सगळे थांबले होते. येताना सबंध वाटभर मी शब्द जुळवत होतो. नाही म्हणाला, असं सांगितलं की का म्हणाला तेही सांगावं लागणार होतं, लोक त्याला सूड म्हणणार होते, आणि मग गेरूचं त्याला ठाऊक असूनही तो पोरांसाठी गप्प राहिला हे सांगावं लागणार होतं. मी म्हणालो, भेटला नाही. बदली झाली म्हणे कुठेतरी.

लोकांनी त्याला शिव्या घातल्या. कामाच्या वेळी बरोबर पळाला, म्हणाले. वच्छलाबाई कोपऱ्यात दोन्ही शेळ्यांचे कान धरून बसली होती.

“तो भेटला असता तं त्यानं सोय केली असती,” ती म्हणाली. “शेळीचा जीव त्याले समजे.”

एक शेळी त्याच आठवड्यात गेली, दुसरी पाऊस पडायच्या चार दिवस आधी. वच्छलाबाई पुढे पुष्कळ वर्षं जगली आणि मरेपर्यंत हेच सांगत राहिली की मास्तराला नाकेदार भेटला असता तर शेळ्या वाचल्या असत्या. ती हे माझ्यासमोर सांगायची, मला साक्षीला धरून, आणि मी मान डोलवायचो.

तो भेटला होता. त्यानं मला जेवू घातलं आणि नाही म्हणाला, आणि नाही म्हणाला म्हणूनच त्या तीन गावांची जनावरं पावसाळ्याला लागली. आमची लागली नाहीत. आमचा डोंगर आम्ही पुसून टाकला होता, आणि त्या सकाळी पहिलं गोणपाट मी भिजवलं होतं.